चोरासाठीचं पाकीट

हर्षदा म्हणाली, बाबा, तिकडे दोन पाकिटं लागतात.
एक आपलं, एक चोराचं.
बोगोटाला सहा आठवडे, कंपनीच्या पंपांचं काम.
चार पानी सूचना आल्यात:
रस्त्यात हात दाखवून टॅक्सी थांबवू नये,
चौकात फोन काढू नये,
अनोळखी माणसाने दिलेलं पिऊ नये,
आणि कुणी चाकू दाखवलाच
तर वाद न घालता द्यावं पाकीट.
म्हणजे दुसरं.

बत्तीस वर्षं मी पीएमटीत कंडक्टर,
बरीचशी शिवाजीनगर ते कात्रज.
पाकीटमार मला ओळखायचे, मी त्यांना.
एक जण शनिपाराला चढायचा, हातावर टॉवेल टाकून.
तिकीट मात्र काढायचा. रोज. सुट्टे देऊन.
त्याच्याकडून एवढं शिकलो
की रिकाम्या पाकिटाने माणूस चिडतो.

म्हणून धनकवडीत, जेवणाच्या टेबलावर,
आम्ही चोराचं पाकीट भरायला बसलो,
रुखवत मांडावं तसं.
सहकाऱ्याकडून आणलेल्या तिकडच्या नोटा,
फार नाहीत, पण अपमान वाटू नये इतक्या.
मुदत संपलेलं एटीएम कार्ड.
दातांच्या डॉक्टरांची पुढच्या तारखेची चिठ्ठी.

डेक्कनवर तिला स्पॅनिश शिकवतात त्या बाई
म्हणाल्या होत्या, तिथे एक म्हण आहे:
पपई देऊ नकोस.
म्हणजे पिकलेलं हातावर मिरवायचं नाही,
कुणाला मोह होईल असं वागायचं नाही.
शैला तेव्हा पपईच चिरत होती.
सुरी थांबवून म्हणाली,
"म्हणजे चूक पपईवाल्याचीच?"
कुणी काही बोललं नाही.
बिया तिने कागदात गुंडाळल्या.

फोटो नसेल तर खरं वाटणार नाही, मी म्हणालो.
आणि माझा जुना पास काढून दिला,
बाद झालेला, कोपरा मुडपलेला.
फोटोत मिशी काळी, डोळे वटारलेले,
जणू कुणीतरी दाराशी लटकतंय.

तिची संध्याकाळ म्हणजे माझी पहाट.
पाच वाजता उठून मोबाइलवर
ते निळं टिंब बघत बसायचो.
टिंब ऑफिसातून निघालं
की चहाचं आधण ठेवायचं,
हॉटेलात शिरलं की दूध घ्यायला खाली जायचं.
शेजारचे तांबोळी म्हणाले, योगासनं सुरू केलीत वाटतं.
हो म्हणालो.

चौथ्या आठवड्यात टिंब एका कोपऱ्यावर
थांबलं ते थांबलंच.
आधण आटलं. पातेलं करपलं.
मग फोन.
"बाबा, चोराचं गेलं."

दोघं होते, मोटारसायकलवर.
मागचा अगदी पोरगा.
"तुम्ही सांगितलं तसंच केलं,
नजर खाली, हात सावकाश.
माझ्यापेक्षा त्याचाच हात थरथरत होता.
जाताना काहीतरी म्हणाला.
माफ करा, असं वाटलं मला,
पण माझं स्पॅनिश अजून कच्चं आहे."

शैलाने फोन घेतला. जेवलीस का, विचारलं.
मग बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवला.

मी करपलेलं पातेलं घासत होतो
आणि डोळ्यापुढे तो पोरगा:
कुठल्या तरी चढाच्या गल्लीत, दिव्याखाली,
नोटा मोजून झाल्यावर
उलटसुलट करून बघतोय मला.
माझी मिशी, माझा बिल्ला नंबर,
आणि मागे, त्याला न वाचता येणाऱ्या अक्षरांत:
हा पास दुसऱ्या व्यक्तीस वापरता येणार नाही.

अजून दोन आठवडे आहेत.
नवं पाकीट तिने तिथेच घेतलंय,
नोटा घातल्यात, म्हणाली, कार्डही मिळालं एक.
फोटो काय ठेवू, विचारत होती.
मी कपाट उपसून बसलोय सकाळपासून.
त्याच्या आदल्या वर्षीचा पास इथेच कुठेतरी होता,
निदान मोबाइलवर फोटो काढून पाठवता येईल.
त्यात मी जरा हसतोय.